दोन मे महिने आणि नागपूरची गादी

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस लोकांसाठी उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. बाकीचे दिवस टेकडी फौजेच्या ताब्यात. माझं ऐकाल तर १ मेला जा, सकाळी आठच्या आत, डोक्याला दुपट्टा बांधून. ऑगस्टमध्ये हिरवळ छान दिसते हे खरं, पण या टेकडीची गोष्ट हिरवळीची नाही. भर शहरातली ही टेकडी आजही लष्कराकडे का आहे, या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण १८१८ सालच्या मे महिन्यात पोचतो.

शाळेत आपण दोन वाक्यं पाठ केली. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ मध्ये मराठी सत्ता संपली. या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडलं ते कुणी नीट सांगितलंच नाही, आणि नागपूरचा खरा इतिहास नेमका तिथेच आहे.

आधी त्या मे महिन्यावर एक नजर टाकू. १० मे रोजी रायगड इंग्रजांच्या हाती गेला. बाजीराव पेशव्यांची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होती. त्याच दिवशी थॉमस मन्रोच्या फौजेने सोलापूरची पेठ घेतली आणि पुढच्या काही दिवसांत तिथला किल्लाही पडला. १३ मेच्या पहाटेपूर्वी नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले जबलपूरजवळ इंग्रजांच्या कैदेतून निसटले. महिन्याच्या मध्यावर मालेगावच्या किल्ल्याला वेढा पडला. २० मे रोजी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, पडलं. आणि या सगळ्या दिवसांत खुद्द पेशवे उरलीसुरली माणसं घेऊन बऱ्हाणपूर-अशीरगडाकडे पळत होते. ३ जूनला ते इंग्रज सेनानी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. पंचांगाच्या एका पानात मावेल एवढ्या दिवसांत हे सगळं झालं.

हे इतकं भराभर कसं झालं? एखादी मोठी लढाई हरलो म्हणून? मे १८१८ मध्ये तशी मोठी लढाई झालीच नाही. नागपूरपुरतं बोलायचं तर खेळ बराच आधी संपला होता, आणि तो संपला होता दुसऱ्या एका मे महिन्यात, १८१६ च्या.

वाड्यातलं भांडण

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघुजी भोसले वारले. हे फार सावध राजे होते. १८०३ मध्ये अडगावची लढाई आणि गाविलगड हरल्यावर देवगावच्या तहात त्यांनी कटक आणि वऱ्हाडचा मोठा मुलूख गमावला होता. तरी एका गोष्टीला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी आपल्या राज्यात येऊ दिली नाही. रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला वकील, रिचर्ड जेंकिन्स वर्षानुवर्षं त्या एका होकाराची वाट बघत नागपुरात बसला होता.

रघुजींचा मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो आंधळा होता, अंगाने पांगळा होता आणि कारभार करण्याइतकी त्याची बुद्धीही चालत नव्हती. राजा असा असला की राज्य कुणाच्या हाती, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. एका बाजूला रघुजींची लाडकी राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले. खजिना आणि परसोजी दोन्ही त्यांच्या हातात. दुसऱ्या बाजूला रघुजींचे पुतणे मुधोजी, ज्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत. वय जेमतेम विशीचं. वारसाहक्काने गादीच्या सगळ्यात जवळ तेच होते, पण वाड्यात त्यांचं चालत नव्हतं.

आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केलं, पुढे त्याला ठार मारण्यात आलं, आणि कारभार आप्पासाहेबांकडे आला. पण बाकाबाईचा पक्ष मोडला नव्हता. घरातल्या या भीतीपायी त्यांनी बाहेरचा आधार शोधला. २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह झाला. रघुजींनी जे दार इतकी वर्षं बंद ठेवलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत उघडलं.

तैनाती फौज म्हणजे नेमकं काय

हा शब्द पुस्तकात वाचताना फार कोरडा वाटतो. म्हणून तो नागपूरच्या मापाने समजून घेऊ.

समजा तुमचा वाडा आहे. घरात भाऊबंदकी आहे, चोराचीही भीती आहे. शेजारचा दांडगा माणूस म्हणतो, माझे पहारेकरी तुमच्या दारात उभे करतो. पगार तुम्ही द्यायचा. राहायला जागा तुम्ही द्यायची. पण ते हुकूम ऐकणार माझा. शिवाय तिसऱ्या कुणाशी तुम्ही परस्पर बोलायचं नाही. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. रात्री शांत झोप लागेल, हे नक्की.

आता पुढचं बघा. पहारेकऱ्यांचा पगार इतका मोठा की तुमच्या स्वतःच्या गड्यांना द्यायला पैसा उरत नाही. हळूहळू ते सुटतात, किंवा पगार थकल्याने कुरकुरू लागतात. आणि एक दिवस शेजाऱ्याशीच भांडण होतं. त्या दिवशी कळतं की आपल्या दारातली बंदूक आपल्याच पैशाने विकत घेतलेली आहे आणि तिचं तोंड आत, आपल्याकडे आहे.

नागपूरच्या तहात हे सगळं होतं. पायदळाच्या सहा पलटणी, घोडदळाची एक रेजिमेंट, सोबत तोफखाना. यासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये. शिवाय राज्याने स्वतःच्या खर्चाने आणखी एक फौज जय्यत ठेवायची आणि गरज पडली की कंपनीच्या मदतीला द्यायची. परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारूनच करायची.

या पद्धतीतली सगळ्यात भेदक गोष्ट मला ही वाटते की तिला युद्धाची गरजच नव्हती. तिला लागायचं ते घरात पेटलेलं वारसाचं भांडण. भांडणातल्या एका पक्षाला आधार द्यायचा, त्या आधाराची किंमत कागदावर लिहून घ्यायची. बडोद्यात हेच झालं होतं, हैदराबादेत आणि पुण्यातही अशी फौज आधीच येऊन बसली होती. नागपूर बहुतेकांच्या नंतर सापडलं, एवढाच फरक.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले आणि आप्पासाहेब राजे झाले. हा खून होता आणि तो आप्पासाहेबांनी करवला, असं इंग्रजांनी पुढे उघड म्हटलं. पण लक्षात घ्या, आप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता देताना त्यांना हे आठवलं नाही. ते आठवलं वर्षभराने, त्यांना गादीवरून काढायची वेळ आली तेव्हा.

टेकडीवरचे दोन दिवस

गादी मिळाली आणि आप्पासाहेबांना कळलं की आपण काय लिहून दिलंय. तोवर पुण्यात पेशवेही त्याच फासात तडफडत होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई पेटली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारलं. मराठी राज्यात या मानाचा अर्थ अगदी सरळ होता: मी अजून पुण्याच्या बाजूचा आहे. जेंकिन्सनेही तो तसाच घेतला आणि फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढवली. रेसिडेन्सी पायथ्याशीच होती.

२६ तारखेच्या संध्याकाळपासून २७ च्या दुपारपर्यंत लढाई चालली. टेकडीवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे चौदाशे माणसं, खाली भोसल्यांचे अठरा हजारांच्या आसपास, त्यात चिवट अरब शिपाई. सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकलीही. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने मूठभर घोडदळ घेऊन मैदानात चाल केली, तोफा घेतल्या, आणि दिवस फिरला. इंग्रजांकडची ३६७ माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे टेकडीवरच्या चौघांपैकी एक. ही लढाई जिंकता येण्यासारखी होती असं मला वाटतं. पण स्वतः आप्पासाहेबांचं मन त्यात पुरतं नव्हतं. लढाई चालू असताना आणि नंतरही ते आपण यात नाही, हे आपल्या हुकमाने झालं नाही, असे निरोप धाडत राहिले. डिसेंबरात इंग्रज सेनापती डोव्हटनची कुमक आली, शहरही पडलं.

६ जानेवारी १८१८ ला नवा करार झाला. आप्पासाहेब गादीवर राहिले, पण नर्मदेकाठचा मुलूख, गाविलगड आणि वऱ्हाडातलं उरलेलं गेलं. कारभार इंग्रजांच्या विश्वासातल्या माणसांकडे. आणि सीताबर्डीची टेकडी कंपनीची. आपण १ मेला जिथे चढून जातो ती जमीन नागपूरच्या राजाच्या हातून गेली ती या कागदाने, आणि लष्कराकडून ती परत कधी कुणाकडे आलीच नाही.

वैशाख

आता आपण पुन्हा १८१८ च्या उन्हाळ्यात.

विदर्भातला मे ज्याने काढलाय त्याला हा प्रश्न पडायलाच हवा: अशा उन्हात कुणी युद्ध करतं का? मराठी फौजांचा शिरस्ता दसऱ्याला सीमोल्लंघन करायचा आणि पावसाआधी घरी परतायचा. इंग्रज मात्र या मे महिन्यात थांबायला तयार नव्हते, आणि त्याचं कारण आपल्या मातीत आहे. मृग बरसला की वऱ्हाड-चांद्याची काळी माती चिखल होते. बैल रुततात, तोफेची चाकं आसापर्यंत जातात. वर्धा, वैनगंगा फुगतात. मे महिन्यात याच नद्यांतून माणूस गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातो आणि जमीन तोफ ओढण्याइतकी टणक असते. काम पावसाआधी उरकलं नाही तर पेशव्यांना चार महिन्यांची उसंत मिळणार होती.

पेशव्यांची शेवटची आशा विदर्भातच होती. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, सातारचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांकडे गेले. तेव्हा बाजीराव पूर्वेला वळले ते चांद्याच्या रोखाने. मजबूत तटबंदीचं शहर, भोवती जंगल, आणि नागपूरकरांची साथ. आप्पासाहेब आतून त्यांना पत्रं लिहीत होते, किल्लेदारांना किल्ले सोडू नका असं कळवत होते. हे उघड झालं आणि १५ मार्चला त्यांना त्यांच्याच नागपुरात अटक झाली. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी इथे कर्नल अ‍ॅडम्सने पेशव्यांची फौज गाठून उधळली. त्यानंतर सरदार एकेक करून निघून गेले.

३ मेला आप्पासाहेबांना अलाहाबादच्या रस्त्याला लावलं. सोबत कॅप्टन ब्राऊनची तुकडी. आज आपण सिवनीवरून जबलपूरला जातो तीच दिशा. राजाला त्याच्या मुलखातून काढून गंगेकाठी नेऊन ठेवायचं, म्हणजे त्याच्या नावाने कुणी उठणार नाही, हा हिशेब. दहा दिवसांच्या कूचानंतर जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या गावी मुक्काम पडला. १२ आणि १३ मेच्या मधल्या रात्री, दोनच्या सुमाराला, आप्पासाहेब शिपायाचा पोशाख घालून छावणीतून चालत बाहेर पडले. पहाऱ्यावरचे काही शिपाई त्यांना सामील होते. ते त्यांच्यासोबतच गेले.

या ठिकाणी मी दर वेळी थांबतो. ज्या कंपनीच्या फौजेच्या भरवशावर सगळी तैनाती पद्धत उभी होती, त्याच फौजेतल्या हिंदुस्थानी शिपायांनी एका कैदी राजाला आपला पोशाख दिला. पगार कुणाचा आणि मन कुणाचं, हे त्या रात्री कंपनीलाही कळलं असेल.

आप्पासाहेब पचमढीच्या महादेव डोंगरात शिरले. तिथल्या गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. उन्हाळ्यात ज्यांच्या स्वतःच्या पाण्याचे हाल, त्यांनी नागपूरच्या राजाला लपवलं, त्याच्यासाठी लढाई अंगावर घेतली. जुलैमध्ये बैतूल-मुलताई भागात कॅप्टन स्पार्क्सची तुकडी पार कापली गेली. नागपूरच्या इतिहासात गोंडांचं हे देणं फार क्वचित मोजलं जातं.

इकडे ९ मेपासून अ‍ॅडम्स चांद्यापुढे बसला होता. गोंड राजांनी बांधलेल्या तटाला तोफा लावल्या. १९ ला खिंडार पडलं, २० ला सकाळी हल्ला झाला. किल्लेदार गंगासिंग शरण गेला नाही. लढता लढता पडला. चंद्रपूरचा तो तट आजही शहराला वेढून उभा आहे. पठाणपुरा दरवाज्यातून रोज हजारो माणसं जातात. आप्पासाहेब निसटल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. चांदा आणखी थोडं तगतं, राजा डोंगरातून तिथवर पोचता, तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

आणि त्याच उन्हाळ्यात आणखी एक शत्रू आला, ज्याला बाजू नव्हती. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरकडून निघालेली पटकी, म्हणजे कॉलरा, फौजांच्या आणि बैलतांड्यांच्या वाटेने पुढे सरकत नागपूरच्या मुलखात शिरली. ऑगस्टपर्यंत ती मुंबईला पोचली. लढायांची तारीखवार नोंद आहे, पण आटलेल्या विहिरींभोवती किती गावं ओस पडली याची तशी नोंद कुणी ठेवली नाही.

मग गादीचं काय झालं

२६ जून १८१८ ला दहा-एक वर्षांच्या मुलाला नागपूरच्या गादीवर बसवलं. हा दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, बाजीबा. दत्तक विधीनंतर तिसरे रघुजी. त्याच्या नावाने बाकाबाई पालक आणि प्रत्यक्ष राज्य जेंकिन्सचं, बरीच वर्षं. आप्पासाहेब अशीरगडावर गेले, तो १८१९ च्या एप्रिलमध्ये पडला, पण त्याआधीच ते तिथून निसटले. पुढे पंजाबात, मंडीच्या डोंगरात, शेवटी जोधपूरला. राजा मानसिंहाने त्यांना इंग्रजांच्या हाती दिलं नाही. १८४० मध्ये तिथेच ते वारले. नागपूर त्यांना पुन्हा दिसलं नाही.

आता बाकाबाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते तेव्हा गर्दीत कुणीतरी लहान मुलाला सांगतंच: ही बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली. १८८१ पासूनची ही परंपरा. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तिला वेशीबाहेर नेऊन जाळतो. मीही लहानपणापासून त्या गर्दीत उभा राहिलो आहे आणि ती मिरवणूक मला प्रिय आहे. पण कागद बघितला की मन अडखळतं. १८१६ च्या मेमध्ये तैनाती फौज नागपुरात आणली ती बाकाबाईने नाही. आणली आप्पासाहेबांनी, आणि आणली ती बाकाबाईच्याच पक्षाला हरवण्यासाठी. १८१८ मध्ये बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, १८५७ मध्येही राहिली, हे खरं आहे आणि त्याचा राग येणंही बरोबर आहे. पण ते दार तिने उघडलं नव्हतं. एका विधवा राणीच्या माथ्यावर सगळा दोष ठेवणं सोपं होतं, कारण आप्पासाहेब डोंगरादऱ्यांतून लढत राहिले आणि परमुलखात मेले. माणूस असा मेला की त्याची आधीची सही लोक विसरतात. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांचंही वाईट वाटतं. विशीतला एक मुलगा आणि एक बाई, एकमेकांच्या भीतीने पाळीपाळीने एकाच परक्या माणसाच्या दाराशी गेले.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी मुलाविना वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही, १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. या वेळी लढाई करावी लागली नाही, कुणाला पळावं लागलं नाही. भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेले. हत्ती, घोडे, बैल इथेच विकले, सीताबर्डीला. लिलाव झाला तेव्हा बाकाबाई हयात होत्या.